एका डोळ्याची गाडी

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले होते. 'राहिले होते' हे ग्रंथपालांचे म्हणणे. त्यांच्या पत्नीच्या मते ते राहिले नव्हते, ठेवले होते. पत्र टेबलावर जाड शब्दकोशाखाली दहा दिवस दबून पडले होते आणि तेवढ्या काळात ग्रंथपालांना ते स्वल्पविरामांसकट पाठ झाले होते.

"चि. किड्यास अनेक आशीर्वाद," ताईने लिहिले होते. पुस्तकातून डोके वर न काढणाऱ्या धाकट्या भावाला तिने सातव्या वर्षी दिलेले हे नाव सत्तरीतही सुटले नव्हते. "माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. काल मी खुंटीवरच्या रेनकोटाला 'बसा' म्हणाले. तुझ्याकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात वीस तारीख मिळाली आहे. एकोणीसला गाडी घेऊन ये आणि मला घेऊन जा. बसची पायरी मला दिसत नाही. येणार की नाही ते पंधरा तारखेपर्यंत कळव. उत्तर आले नाही तर काय समजायचे ते समजेन आणि मागच्या खेपेसारखी हीही तारीख सोडून देईन. लहानपणी पांघरुणात शिरून तू वाचायचास आणि टॉर्च मी धरायचे, हे सहज आठवले म्हणून लिहिले."

सहज आठवले म्हणून! ताईला आयुष्यात काहीही सहज आठवलेले नाही, हे ग्रंथपालांना पक्के ठाऊक होते.

फोन करायची सोय नव्हती. ताईला फोनवर ऐकू येत नसे. ती "हॅलो" म्हणायची, आपल्याला सांगायचे ते सांगायची आणि ठेवून द्यायची. तेव्हा पत्रच लिहायला हवे होते. ग्रंथपालांनी पत्र आले त्याच दिवशी त्यातला सोपा भाग उरकला होता. घरातले एकुलते एक जाड, आतून फुगीर अस्तराचे पाकीट काढून त्यावर ताईचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला, वजन किती भरेल याचा अंदाज येईना म्हणून दोन तिकिटे जास्तीची लावली आणि पाकीट उघडे ठेवून दिले. आत घालायचे पत्र तेवढे राहिले.

"एक ओळ लिहायची आहे," पत्नी म्हणाली. "'येतो' म्हणून."

"अगं, पण येतो असं कसं लिहू? गाडीचा डावा दिवा गेलाय ना! सकाळी निघालो तर दुपारी पोचणार. मग ताई घर बंद करणार. कड्या दोनदा, गॅस तीनदा. परत निघेपर्यंत संध्याकाळ. अंधारात एका डोळ्याची गाडी चालवू?"

"मग आदल्या दिवशी जा."

"आदल्या दिवशी गेलो तर ती दारातच विचारेल, तुला तारीख वाचता येत नाही का म्हणून."

"मग दिवा बदला!"

"तेच म्हणतोय. आधी दिवा, मग उत्तर."

यात खोटे काही नव्हते. पण सगळे खरेही नव्हते. ग्रंथपाल गाडी चालवत ती भाजी आणण्यापुरती. साडेचार तास सलग गाडी चालवून त्यांना सहा वर्षे झाली होती, आणि ताईसारखी बाई शेजारी बसवून तर कधीच नाही. हातात उघडे पुस्तक असले की हा माणूस निर्धास्त असे. स्टिअरिंग आले की आपण हे कोणाची तरी परवानगी न घेता करतो आहोत असे त्यांना वाटू लागे. त्यामुळे डावा दिवा गेला तेव्हा त्यांना वाईट वाटले हे खरे, पण थोडा आधारही वाटला होता. असे काही स्वतःशी कबूल करणाऱ्यांतले ते नव्हते.

दिवा घ्यायचा म्हणजे आधी वाचायला हवे. एकतीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला दुसरी रीत माहीत नव्हती. त्यांनी गाडीचे माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचले, आरशाच्या धोक्यांवरचे प्रकरणही सोडले नाही. बल्बचा प्रकार एका कार्डावर उतरवून घेतला. "काचेला बोट लावू नये, बोटाच्या तेलकटपणाने बल्ब तापून फुटतो" हे वाक्य वाचून त्यांनी दोन्ही हात नकळत खिशात घातले. मग कॉम्प्युटरवर बल्ब विकत घेतलेल्या लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिले होते, "उत्तम बल्ब, तीन दिवसांत गेला." दुसऱ्याने लिहिले होते, "अजून पाकीट उघडलेले नाही, पण पाच तारे." ग्रंथपालांना धक्काच बसला. पुस्तक न वाचता परीक्षण लिहिणारे लोक त्यांनी पाहिले होते, पण ही सवय बल्बपर्यंत पोचल्याची त्यांना कल्पना नव्हती.

सहा तारखेला ते गाडी घेऊन मोठ्या दुकानात गेले. काचेचे दार, आत थंडगार हवा आणि भिंतभर दिवे. केसांना चकाकी आणलेला विक्रेता पुढे आला.

"बोला काका, काय दाखवू?"

"हेडलाइटचा बल्ब. स्वस्त हवा. आणि टिकाऊ." ग्रंथपालांनी कार्ड पुढे केले.

विक्रेत्याने कार्डाकडे पाहिले नाही. "काका, स्वस्त आणि टिकाऊ? दोन्हींतलं एक सांगा. आम्हाला कामाला लावू नका."

"दोन्ही मिळत नाही?"

"मिळतं ना! हे बघा, नवा एलईडी. पांढराशुभ्र. स्कीममध्ये आहे म्हणून स्वस्त, आणि आयुष्य पन्नास हजार तास."

ग्रंथपालांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि हादरले. बल्ब त्यांच्यामागे बरीच वर्षे जगणार होता. "आणि गॅरंटी?"

"पूर्ण गॅरंटी. बिल घेतलं तर महाग पडतो, म्हणून बिल नाही. पण गॅरंटी आहे."

"ती कुठं लिहिलीय?"

"काका, विश्वासावर दुनिया चालते."

ग्रंथपालांना नाही म्हणायचे होते. "नाही" हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलाही होता, पण विक्रेत्याने तोवर बॉनेट उघडले होते, आणि उघडलेले बॉनेट बंद करा म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्याने उजवीकडचा चांगला बल्बही काढून ठेवला. "जोडीनंच लावायचे असतात काका, एक पिवळा एक पांढरा बरं दिसेल का?" दोन्ही जुने बल्ब त्याने कागदात गुंडाळून ग्रंथपालांच्या हातात दिले.

संध्याकाळी दिवेलागणीला ग्रंथपाल आपल्या गल्लीत वळले आणि त्यांनी दिवे लावले. गल्ली उजळली असे म्हणणे फार कमी होईल. गल्लीतली मांजरे भिंतीला चिकटली. समोरून येणारा सायकलवाला सायकल सोडून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. ग्रंथपाल थिजले. त्यांनी गडबडीने गाडी नेहमीच्या जागी, समोरच्या इमारतीकडे तोंड करून लावली आणि दिवे बंद करण्याचे बटण शोधू लागले. ते सापडायला अर्धे मिनिट लागले. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून किंकाळी आली.

समोर पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर जिना उतरून खाली आले ते उजव्या हाताची तर्जनी डाव्या मुठीत धरूनच.

"ग्रंथपाल, हे काय आहे?"

"हेडलाइट," ग्रंथपाल पुटपुटले.

"अहो, माझा पेशंट तोंड उघडून पडला होता! माझं बोट आत होतं! तुमचा उजेड आला आणि त्यानं तोंड मिटलं ना!"

"फार लागलं का?"

"तीस वर्षं लोकांचे दात बघतोय. पण ते किती घट्ट बसलेत हे आज कळलं!"

ग्रंथपालांनी माफी मागितली. डॉक्टर वर गेल्यावर त्यांनी पुन्हा एकदा माफी मागितली, खिडकीकडे बघून. त्यानंतर चार दिवस त्यांनी गाडी बाहेर काढली नाही, आणि काढली तेव्हा पन्नास हजार तासांपैकी जेमतेम एक मिनिट वापरून झालेला डावा एलईडी विझलेला होता. तो इतका शांतपणे गेला होता की ग्रंथपालांना आधी वाटले, आपणच बटण दाबायला विसरलो.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादने एलईडी काढून हातावर तोलला आणि असा हसला की गाडीखाली झोपलेले कुत्रे उठून बसले.

"काका, हे तुम्ही पैसे देऊन घेतलंत?"

"स्कीम होती."

"ही स्कीम नव्हे, थट्टा आहे. तुमच्या गाडीचा दिवा साध्या बल्बसाठी बनवलाय. त्यात हे घातलं की उजेड रस्त्यावर पडत नाही, लोकांच्या घरात शिरतो." त्याने उजवीकडचा जुना बल्ब पुन्हा जागी बसवला. गाडी होती तशी एका डोळ्याची झाली. "डाव्यासाठी बाजारात बॅटरीवाल्या बाईंकडे जा. गेलेला बल्ब नमुन्याला न्या. बल्ब आणलात की मी दोन मिनिटांत लावून देतो. हे बघा, रबर काढायचं, स्प्रिंग दाबायची, बल्ब सरकवायचा. बस्स."

"इतकंच?"

"इतकंच. तुम्हाला काय वाटलं होतं?"



तेरा तारखेला सकाळी ते बसने बाजारात निघाले. बल्ब आणायचा तर नीट आणायला हवा, बसमध्ये धक्के बसतात. घरात तेवढे एकच अस्तराचे पाकीट होते. रिकामेच तर आहे, म्हणून त्यांनी ताईच्या पत्त्याचे पाकीट बरोबर घेतले.

बॅटरीवाल्या बाईंचे दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट होती. बाई पासष्टीच्या, चष्मा कपाळावर, समोर एक मोठी बॅटरी आणि तिला जोडलेल्या दोन वायरी.

"स्वस्त आणि टिकाऊ हवा," ग्रंथपाल जरा घाबरतच म्हणाले.

बाईंना हसू आले नाही. "मग साधाच घ्या. गाडीबरोबर आला होता तसा. लोक साध्याला नाकं मुरडतात म्हणून तो स्वस्त, आणि त्याला मिरवायचं नसतं म्हणून टिकतो. गाडी जुनी आहे हो तुमची. थांबा." त्यांनी खालच्या खणात हात घातला. "या जातीचा एकच उरलाय. पुढचा माल महिनाअखेरीला."

त्यांनी बल्ब फडक्यात धरला आणि वायरी टेकवल्या. बल्ब लागला. दिवसाढवळ्या, त्या फटीत, मऊ पिवळा उजेड पसरला आणि बाईंच्या मागच्या भिंतीवरचे बिनधुळीचे खण एकेक करून दिसू लागले. ग्रंथपाल बघतच राहिले. आजवर कोणी त्यांना एखादी वस्तू विकण्याआधी खरी करून दाखवली नव्हती.

"बघितलंत ना? मग घ्या. काचेला बोट लावू नका."

"माहीत आहे," ग्रंथपाल म्हणाले, आणि या साऱ्या प्रकरणात आपल्याला काहीतरी माहीत आहे याचा त्यांना पहिल्यांदा आनंद झाला.

त्यांनी बल्ब कापसात गुंडाळला, कापूस पुठ्ठ्याच्या डबीत ठेवला, डबी पाकिटात सरकवली आणि बसमध्ये घरंगळून बाहेर पडू नये म्हणून पाकिटाचे तोंड चिकटवून टाकले. घरी येऊन ते टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवले. जेवले. आज दुपारी उत्तर लिहायचेच असे ठरवून, त्याआधी पाच मिनिटे म्हणून आडवे झाले.

उठले तेव्हा तीन वाजले होते. टेबल रिकामे होते.

टेबल स्वच्छ होते, असे म्हणायला हवे. पत्नीने फडके मारले होते, शब्दकोश भिंतीला टेकवला होता, आणि त्या भल्या मोठ्या रिकाम्या टेबलाच्या पलीकडे ती चहा घेऊन प्रसन्न मुद्रेने बसली होती. गेल्या दोन आठवड्यांत ती एवढी प्रसन्न दिसली नव्हती.

"अगं, इथलं पाकीट?"

"टाकलं की!"

"कुठं टाकलंस?"

"पोस्टात! अहो, मी आले तर टेबलावर चिकटवलेलं पाकीट. पत्ता ताईंचा, तिकिटं लावलेली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आता हे उठले की पुन्हा उघडून एखादा शब्द बदलत बसतील. त्याआधी गेलेलं बरं. तशीच चप्पल घातली आणि गेले."

ग्रंथपाल खुर्चीत बसले.

"जाड नाही लागलं तुला ते?"

"लागलं ना. खिडकीवरचा कारकून पण म्हणाला, 'काय आहे आत, वजन भरलंय.' मी म्हटलं, पत्र आहे. सतरा दिवसांचं साचलंय."

"त्यात पत्र नव्हतं."

"म्हणजे?"

"बल्ब होता."

पत्नीच्या हातातला कप बशीवर टेकताना वाजला. तिने तोंडावर हात ठेवला.

"ताईंना," ती हळूच म्हणाली, "उत्तर म्हणून बल्ब जाणार?"

"गाडीचा. कापसात गुंडाळलेला. एक अक्षर नाही बरोबर."

"त्या काय समजतील?"

"मोतीबिंदू झालेल्या बाईला मी दिवा पाठवलाय," ग्रंथपाल म्हणाले. "ती समजेल, किडा येत नाही, वर चेष्टा करतोय. तारीख सोडून देईल."

दोघे जवळजवळ पळतच पोस्टात पोचले. कारकुनाने सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली.

"दोनची थैली गेली, काका. परवा सकाळी पोचेल तिकडे."

"थांबवता नाही येणार?"

"अर्ज करता येईल."

"मग ते थांबेल?"

"नाही. अर्ज पोचेपर्यंत पाकीट पोचलेलं असेल."

ग्रंथपालांनी कठड्याला धरले. परवा पंधरा तारीख. बाजारात तसा दुसरा बल्ब नाही, महिनाअखेरीपर्यंत मिळणार नाही. उत्तर लिहावे तर काय लिहावे? दिव्याशिवाय 'येतो' कसे लिहायचे? आणि 'येत नाही' हे दोन शब्द लिहायला त्यांचा हात सतरा दिवस धजला नव्हता, तो आता तरी कसा धजणार? रेनकोटाला 'बसा' म्हणणारी ताई त्यांच्या डोळ्यांसमोर आली. आणि त्याच्या उत्तराची वाट बघत बसणारी.

"काय करू मी आता?" ते म्हणाले. "दिवा तिकडे, गाडी इकडे."

"मग गाडी तिकडे न्या," पत्नी म्हणाली.

"अगं, दिव्याशिवाय?"

"जाताना दिवा कशाला हवा? सकाळी निघणार ना? सूर्य असतो की वर!"

ग्रंथपाल तोंड उघडून तिच्याकडे बघत राहिले. समोर पोस्टाचा कारकून होता, दातांचे डॉक्टर नव्हते म्हणून बरे. सतरा दिवस त्यांनी माहितीपुस्तक वाचले, शेकडो अपरिचित लोकांचे अभिप्राय वाचले, बल्बचे आयुष्य तासांत मोजले. पण दिवा फक्त परतीच्या वाटेवर लागणार आहे, ही गोष्ट त्यांना कोणत्याही पानावर सापडली नव्हती. आणि परतीची वाट जिथून सुरू होणार, तिथे तो परवा सकाळी पोचत होता. कापसात. टपालखर्चासकट.

"पण बसवणार कोण?" त्यांनी विचारले. पण विचारता विचारताच त्यांना वस्तादचे शब्द आठवले. रबर काढायचे, स्प्रिंग दाबायची, सरकवायचा. बस्स. ही तीन वाक्ये होती. तीन वाक्ये लक्षात ठेवणे हे तर त्यांच्या हातातले काम होते.

"एक पोस्टकार्ड द्या," ते कारकुनाला म्हणाले.

"कार्ड आता टाकलंत तर पाचच्या थैलीत जाईल. परवाच पोचेल, त्या पाकिटाबरोबर."

खिडकीवर दोरीने बांधलेले पेन होते. दोरी आखूड होती, त्यामुळे वाकून, मान तिरकी करून लिहावे लागत होते. घरच्या टेबलावर, आरामशीर खुर्चीत, चांगल्या शाईच्या पेनाने सतरा दिवसांत जे जमले नव्हते ते त्या अवघडलेल्या अवस्थेत दोन मिनिटांत झाले. पत्नी खांद्यावरून वाचत होती आणि या वेळी ग्रंथपालांनी तिला अडवले नाही.

"ताईस सा. न. वि. वि. एकोणीसला दुपारपर्यंत येतो. बरोबर आलेला बल्ब गाडीचा आहे. टाकू नकोस आणि त्याच्या काचेला बोट लावू नकोस. तो मी स्वतः बसवीन. बॉनेटच्या आत अंधार असतो, तेव्हा टॉर्च तू धर. निघायला घाई नाही, गॅस तीनदा बघ. तुझा किडा."

"'स्वतः' खोडू का?" त्यांनी विचारले.

"हात लावू नका कार्डाला," पत्नी म्हणाली.

"द्या इकडे, मी टाकतो थैलीत," कारकुनाने हात पुढे केला. मग त्याला राहवले नाही. "काका, दुपारचं ते पाकीट... ते मग काय समजायचं नेमकं?"

ग्रंथपालांनी विचार केला. "तेही उत्तरच होतं," ते म्हणाले. "माझ्या आधी निघालं, इतकंच."

कार्ड त्यांनी कारकुनाकडे दिले नाही. बाहेरच्या लाल पेटीपाशी गेले, पत्ता दोनदा वाचला, कार्ड फटीतून आत सरकवले आणि सोडले. ते तळाशी पडल्याचा बारीकसा आवाज आला.

मग त्यांनी वाकून फटीला डोळा लावला. आत काळोख होता.

"आता काय बघताय?" पत्नी म्हणाली.

"काही नाही," ग्रंथपाल म्हणाले. "पडलंय बहुतेक."